मालवण-देवबागला डॉल्फिन आणि गळाची फेरी: तारीख धरण्यापासून मासे बर्फात जाईपर्यंत

दर डिसेंबरात मला तेच फोन येतात. "आम्ही जाऊन आलो, डॉल्फिन काही दिसले नाहीत, मासा एकही लागला नाही, पोरं उलट्या करून अर्धमेली झाली." विचारलं किती वाजता निघालात, तर म्हणे साडेदहा, नाश्ता करून निवांत. तिथी कुठली होती, तर माहीत नाही. होडीवाल्याशी काय बोलणं झालं, तर "डॉल्फिन दाखवा आणि थोडं फिशिंग करू द्या", एवढंच.

चूक समुद्राची नसते आणि बहुतेक वेळा होडीवाल्याचीही नसते. चूक क्रमात असते. लोक आधी रूम बुक करतात, मग सुट्टी बघतात, मग तिथे पोचून होडी शोधतात, आणि भरती-ओहोटीचा विचार कोणी करतच नाही. हा क्रम उलटा करायला हवा. आधी पाणी आणि वारा, मग होडी, मग रूम. खाली मी तारकर्ली-देवबाग-निवती हा पट्टा धरून लिहितोय कारण तो मला माहितीचा आहे, पण हर्णै-मुरूड किंवा गुहागरकडे जाणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

१. महिना आणि तिथी धरा (हे सगळ्यात आधी)

महिना सोपा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात पाणी अजून गढूळ असतं. मार्चपासून दुपारचा वारा लवकर आणि जोरात सुटतो, तरी सकाळची फेरी जमते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, आणि पर्यटनाच्या होड्या तर साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंदच असतात. त्या काळात कोणी "गुपचूप नेतो" म्हणाला तर त्याच्यासोबत जाऊ नका, विषय संपला.

आता तिथी. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे अष्टमी, ८ ची पाऊणपट ६, तर सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. द्वादशी, १२ ची पाऊणपट ९, तर नऊच्या सुमाराला. पौर्णिमा किंवा अमावस्या, १५ ची सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हाच हिशेब, पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

हा अंदाज आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायचीच, पण तारीख निवडायला हा हिशेब एकदम पुरेसा आहे, कॅलेंडर समोर ठेवून दोन मिनिटांत होतो.

माझी निवड: एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. कुठलाही पक्ष चालेल. का ते सांगतो, कारण कारण कळलं की तुम्ही स्वतः बदल करू शकाल. या दिवसांत भरती साधारण सव्वाआठ ते पावणेदहाच्या मधे पूर्ण होते. तुम्ही साडेसहाला निघालात की पाणी चढतं असतं, कर्ली खाडीच्या तोंडावर, म्हणजे देवबागचा संगम जिथे आहे तिथे, वाळूच्या पट्ट्यांवर होडीला पुरेसं पाणी मिळतं. गळ टाकायची वेळ येते तेव्हा भरतीचा शेवट आणि पाणी फिरायची वेळ असते, मासा खातो तो बहुतेक तेव्हाच. आणि साडेदहाच्या आत परत येताना पाणी अजून फारसं उतरलेलं नसतं.

आता पंचमी-षष्ठी बघा. भरती पहाटे चारच्या आसपास, म्हणजे दहाला पूर्ण ओहोटी. तुम्ही परत येणार नेमके तेव्हा. तोंडावर पाणी उथळ, आत येताना लाटा फुटतात, होडीवाला वैतागतो आणि तुम्ही घाबरता. पौर्णिमा-अमावस्येचं उधाण म्हणाल तर भरतीची वेळ चांगली आहे पण ओढ इतकी असते की नवख्या माणसाच्या गळाचं शिसं तळाला टिकतच नाही, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तिरकी वाहत जाते. नुसते डॉल्फिन बघायचे असतील तर उधाणाची सकाळ चालेल, गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचे असतील तर नको.

चुकीचा तक्ता: मुंबईचा तक्ता बघून मालवणची वेळ ठरवू नका. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत येते, त्यामुळे मालवणला ती मुंबईच्या आधी होते, आणि मुंबईच्या मानाने चढतेही बरीच कमी. तक्ता मालवणचा किंवा वेंगुर्ल्याचाच घ्या.

२. वारा आणि लाटा बघा (चार दिवस आधी, मग आदल्या रात्री परत)

थंडीत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, हलका, आणि किनाऱ्याजवळचं पाणी अगदी तेलासारखं सपाट. अकरा-बाराच्या सुमाराला हा वारा पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, दुपारपर्यंत पाण्यावर पांढरे फेसाळ शेंडे दिसायला लागतात. सपाट पाण्यात डॉल्फिनचा पर लांबून दिसतो. फेसाळ पाण्यात तो शंभर फुटांवर आला तरी दिसत नाही. "डॉल्फिन नव्हते" म्हणणारे निम्मे लोक प्रत्यक्षात डॉल्फिनच्या जवळून गेलेले असतात, असं माझं ठाम मत आहे.

काय बघायचं:
- हवामान खात्याचा मच्छिमारांसाठीचा इशारा. "समुद्रात जाऊ नये" असेल तर जायचं नाही.
- इन्कॉईसचा (समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था) लाटांचा अंदाज आणि उंच लाटांचा इशारा. हा वेगळा बघायचा, कारण कधीकधी इथे वारा शून्य असतो आणि लांब दक्षिणेकडच्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन आपटतात. आकाश निळंशार, आणि खाडीच्या तोंडावर भिंतीसारख्या लाटा.
- आदल्या संध्याकाळी होडीवाल्याला फोन. तो "आज पाणी बरा नाय" म्हणाला की पुढे बोलायचं नाही.

हे शेवटचं नीट ऐका. आपण सुट्टी काढून आलोय, गाडीभाडं घातलंय, म्हणून त्याच्यामागे "काका चला ना, थोडंच जाऊ" लावणारे लोक मी बघितलेत. तो माणूस लहानपणापासून त्या पाण्यावर आहे, त्याचा नकार हीच तुमची सगळ्यात मोठी सेफ्टी आहे. म्हणून एक दिवस जादाचा ठेवा. दोन रात्रींचा मुक्काम असेल तर फेरी पहिल्या सकाळीच लावा, म्हणजे बिघडलं तर दुसरी सकाळ हातात राहते.

३. होडी ठरवा आणि बोलणं लिहून घ्या

आता रूमच्या आधी होडी. किनाऱ्यावर सीटवर मिळणारी डॉल्फिन राईड आणि आपण म्हणतोय ती फेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीटवरची राईड तासाभराची असते, त्यात दहा-बारा अनोळखी माणसं असतात, गळाला वेळच नसतो. तुम्हाला पूर्ण होडी, तीन ते चार तासांसाठी हवी. चार-पाच जण मिळून घेतली तर परवडते. सहा माणसांच्या वर गळ टाकायला जाऊ नका, दोर दोरात अडकतात.

फोनवर विचारायचे प्रश्न:
- प्रवासी नेण्याचा परवाना आहे का, आणि किती माणसांचा? मेरीटाईम बोर्डाची परवानगी लागते. मासेमारीची होडी आणि प्रवासी होडी यांचे कागद वेगळे असतात.
- लाईफ जॅकेट किती आहेत, आणि लहान मुलांच्या मापाची आहेत का?
- होडीवर दोन माणसं असतील ना? एक तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, आणि एक मदतीला. गळ चालू असताना एकटा माणूस इंजिन, नांगर आणि तुमचे अडकलेले दोर हे सगळं नाही सांभाळू शकत.
- गळ कुठे टाकणार? किल्ल्याच्या आजूबाजूला "नको" असं आपणच सांगायचं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचा भाग त्यात येतो, तिथे खाली पोवळं आहे. निवती-भोगवेच्या बाजूला किंवा खाडीच्या तोंडाच्या आत टाकता येतो, तिथलं काय चालतं ते स्थानिकांना नेमकं माहिती असतं.

मग व्हॉट्सॲपवर सरळ एक मेसेज टाका. मी टाकतो तो असा:

"काका नमस्कार. द्वादशीला सकाळी ६.१५ ला देवबाग जेटीवर आम्ही ५ जण, त्यात १ मूल ८ वर्षांचं. पूर्ण होडी, १०.३० पर्यंत. आधी डॉल्फिन, मग गळ. ५ गळ, आमिष, बर्फ, जॅकेट तुमच्याकडून. डॉल्फिनच्या मागे होडी पळवायची नाही, लांबून बघायचंय. पाणी खराब असेल तर दुसऱ्या दिवशी. एकूण रक्कम कळवा."

या मेसेजने अर्धी भांडणं आधीच मिटतात. "डॉल्फिनच्या मागे पळवायची नाही" हे वाक्य तर नक्की लिहा. होडीवाल्यांना वाटतं पर्यटकाला जवळून बघायचंच असतं, आणि एरवी लोक तसा आग्रह धरतातही. तुम्ही आधी सांगितलंत की बहुतेक तांडेल खूष होतात, त्यांचं डिझेल पण वाचतं.

रूम आता बुक करा. कुडाळ स्टेशनला उतरून मालवण-देवबागला यायला तास-सव्वा तास धरा, आणि आदल्या संध्याकाळीच पोचा. रात्रभर गाडी चालवून थेट होडीत बसलेला माणूस हमखास आजारी पडतो.

४. आदली रात्र

हलकं जेवा. मालवणात आलोय म्हणून आदल्या रात्रीच तिखट कालवण आणि सोलकढीवर ताव मारायचा मोह होतो, तो परतल्यावर दुपारी पूर्ण करा. दारू अजिबात नाही, सकाळी लागणाऱ्या होडीचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारून उलटीची गोळी निघायच्या तास-दोन तास आधी घ्या. होडीत बसून मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. गोळीने झोप येते, त्यामुळे लहान मुलांना आपल्या मनाने देऊ नका.

सामान: कडेने दोरी असलेली टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, माणशी लिटरभर पाणी, कोरडी बिस्किटं किंवा केळी, फोनसाठी वॉटरप्रूफ पाऊच, लहान टॉवेल, बोटांना गुंडाळायला कापडी चिकटपट्टी, एक छोटा पक्कड, साधं प्रथमोपचाराचं पाकीट. पोलराईज्ड गॉगल असेल तर न्याच, पाण्याची चकाकी मरते आणि खालची सावली दिसते. दुर्बीण ८ पटीची बास, त्याहून मोठी होडीत हलत राहते.

आणि एक गोष्ट जी कोणी लिहीत नाही. छोट्या होडीत टॉयलेट नसतं. बायका त्यासाठी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येते, मळमळ दुप्पट होते. पाणी पिणं सोडू नका, त्यापेक्षा फेरी तीन तासांची ठेवा आणि मधे भोगवेच्या किनाऱ्यावर उतरता येईल का ते तांडेलला आधीच विचारून ठेवा.

५. होडीत चढण्याआधी, जेटीवर पाच मिनिटं

जॅकेट घाला, पट्टे आवळा, मग कोणाला तरी खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानाच्या वर सरकलं तर माप मोठं आहे. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. आणि जॅकेट अंगावर हवं, सीटखाली नको. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा अंगात जॅकेट चढवायला कोणाकडे वेळ होता? पाण्यात पडल्यावर जॅकेट घालता येत नाही.

चेक करा: नांगर आणि दोर होडीत आहे का, इंजिन एकदा चालू करून बघितलंय का, वल्हं किंवा दुसरं इंजिन आहे का, माणसं परवान्यापेक्षा जास्त नाहीत ना. घरी किंवा रूमवाल्याला सांगून ठेवा की आम्ही साडेदहाला परत येतोय. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ सेव्ह करा.

बसायची जागा: मळमळणारी माणसं मधे किंवा मधल्याच्या जरा मागे, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला नाही. नाळ सगळ्यात जास्त वरखाली होते. इंजिनाच्या धुरातही नाही. नजर लांब क्षितिजावर, फोनवर नाही.

६. पहिला दीड तास डॉल्फिनचा

आधी डॉल्फिन, मग गळ, हा क्रम बदलू नका. सपाट पाण्याची वेळ हीच आहे, आणि गळाची वेळ तशीही नंतर येते. शिवाय एकदा हाताला आमिषाचा वास लागला की दुर्बीण-कॅमेरा कोणी धरत नाही.

आपल्याकडे किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक कुबड्या डॉल्फिन, इंग्रजीत हंपबॅक म्हणतात ते. करडा रंग, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटा पर. ते उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाजवळ राहतात, म्हणून फार आत जायची गरजच नसते. टीव्हीवर दिसतात तशा उड्यांची वाट बघू नका. हे हळू वर येतात, आधी लांब चोच, मग कुबड, मग पाठ वाकवून खाली. मग दोन-चार मिनिटं काही नाही. या दोन-चार मिनिटांत लोक धीर सोडतात आणि होडी पुढे न्यायला लावतात. पर नसलेली, लहानशी, गुळगुळीत पाठ दिसली तर ती बहुतेक बिनपराची पॉरपॉईज, ती फार लाजाळू, दिसली तर भाग्य समजा.

कसं शोधायचं: पाण्यावर नजर खिळवू नका, पक्ष्यांवर ठेवा. सुरय एका जागी घिरट्या घालून सारखे पाण्यात सूर मारत असतील, कुरव तिथे जमत असतील, तर खाली माशांचा थवा आहे, आणि थव्यापाठी डॉल्फिन येतात. अशा जागेच्या बाजूला, मधे नाही, इंजिन न्यूट्रल करून दहा मिनिटं थांबा. ब्राह्मणी घारी आणि पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड याच वेळेत कडेच्या झाडांवरून उठतात, तिकडेही लक्ष असू द्या. थंडीत कधीतरी कासवाचं डोकं श्वास घ्यायला वर येतं, अगदी नारळ तरंगतोय असं वाटतं, आणि परत खाली.

दिसल्यावर काय करायचं, क्रमाने:

(अ) वेग कमी. अंतर किमान पन्नास मीटर.
(आ) त्यांच्या बाजूने, समांतर चालायचं. समोरून आडवं जायचं नाही, पाठून ढकलायचं नाही.
(इ) दुसरी होडी आधीच तिथे असेल तर तिच्याच बाजूला राहायचं, म्हणजे डॉल्फिनला दुसरी बाजू मोकळी राहते. दोन होड्या असतील तर तिसरी नको, पुढे जा, दुसरा थवा मिळेल.
(ई) पिल्लू सोबत असेल तर अजून लांब.
(उ) पंधरा-वीस मिनिटं झाली की निघा.
(ऊ) त्यांनी दिशा बदलली, जास्त वेळ खाली राहायला लागले, एकत्र गोळा झाले, म्हणजे त्यांना त्रास होतोय. लगेच लांब व्हा.

एकदा भोगवेच्या समोर मी सात होड्यांनी एका मादीला आणि पिल्लाला गोल घातलेला बघितलाय. पिल्लू श्वासाला वर यायचं आणि लगेच इंजिनाच्या आवाजाने खाली जायचं, परत वर, परत खाली. होड्यांमधले लोक टाळ्या वाजवत होते. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिनला सगळ्यात वरच्या सूचीतलं संरक्षण आहे, पाठलाग करणं हा गुन्हा आहे, पण कायद्याचं राहू दे, त्या पिल्लाला श्वास घेता येत नव्हता एवढं पुरे आहे. म्हणून मी मेसेजमध्ये ते वाक्य लिहायला सांगतो.

सगळ्यात मोठा धोका इथेच: कोणीतरी "तो बघा!" ओरडतो आणि सगळे एका बाजूला धावतात. छोटी होडी अशीच कलंडते. नियम आधीच करा, कोणीही उठायचं नाही. दिशा घड्याळाच्या काट्याने सांगायची, नाळ म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन. "दोन वाजता!" म्हटलं की सगळे बसल्या जागी मान वळवतात. मुलांना हा खेळ फार आवडतो.

शिट्ट्या, गाणी, खाणं टाकणं, ड्रोन, यातलं काहीही नाही.

७. गळ: पाणी फिरायच्या तासभर आधीपासून

द्वादशीला म्हणजे आठच्या सुमाराला जागेवर. नांगर नाळेकडूनच टाकतात ना ते बघा. मागच्या बाजूने नांगर टाकलेल्या होडीत लाट सरळ मागून आत येते. खडकाच्या कडेला, वाळूवर नांगर, पोवळ्यावर कधीच नाही. रापणीची किंवा दुसऱ्या कोणाची जाळी, तरंगते फ्लोट दिसले तर त्या बाजूला जायचंच नाही, ते कोणाचं तरी पोट आहे.

काठी-रीळ लागत नाही. इथे हातानेच गरवतात. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली तंगूस, खाली शिसं, त्याच्या वर एक किंवा दोन गऱ्या, म्हणजे हुक. नवख्याने एकच गरी ठेवावी. आमिष सुंगटं (कोळंबी), माकूल नाहीतर तारलीचा तुकडा. लोक इथे सुंगटाचा एवढा मोठा गोळा लावतात की गरीचं टोक दिसतच नाही, मासा आमिष ओरबाडून निघून जातो. तुकडा बोटाच्या पेराएवढा, गरीच्या वळणावर नीट ओवलेला आणि टोक जरासं बाहेर.

आता कृती. शिसं होडीच्या कडेने सरळ खाली सोडा, डोक्यावरून गरगर फिरवून फेकू नका, मागच्याच्या डोळ्यात गरी जाते. दोर ढिला झाला म्हणजे शिसं तळाला लागलं. मग हातभर वर ओढून तिथेच ठेवा, नाहीतर खडकात अडकेल. दोर पहिल्या बोटाच्या पेरावरून जाऊ द्या, त्या बोटाला चिकटपट्टी लावलेली असते. हाताला गुंडाळू कधीच नका. मोठा मासा लागला तर दोर मांस कापतो, आणि होडी हलली तर हात ओढला जातो.

टुकटुक लागतं ते बारीक मासे कुरतडतात. थांबा. मग एक जड ओढ येते, दोर सरळ खाली जायला लागतो, तेव्हा मनगटाने एकच ठाम झटका आणि लगेच न थांबता हातावर हात ओढत वर. नवखे पहिल्या टुकटुकीला झटका देतात, आमिष जातं आणि मग "इथे मासेच नाहीत". दुसरी चूक, मासा लागल्यावर आनंदाने थांबतात, दोर ढिला पडतो, मासा सुटतो. पाच-सहा मिनिटं काहीच लागलं नाही तर दोर वर घेऊन आमिष बघा, बहुतेक वेळा ते गेलेलं असतं आणि तुम्ही रिकामी गरी धरून बसलेले असता.

लागतात ते साधारण गोबरा, पालू, तांबोशी लागली तर मजाच, वाळूवर रेणवे, आणि शिंगाळा तर असतोच.

हाताने धरू नका:
- शिंगाळा. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा, विषारी. टॉवेलने किंवा पक्कडने, तांडेललाच काढू द्या.
- पाकट. शेपटीला काटा. दोर कापून सोडून दिलेला बरा.
- केंड, तो फुगणारा. खायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही, त्याचं विष शिजवून जात नाही.
- समुद्री साप. मेलेला वाटला तरी हात नाही. चावा दुखत नाही म्हणून लोक गप्प बसतात, पण विष भयंकर असतं आणि आपल्याकडचं नेहमीचं सर्पविषाचं इंजेक्शन या सापांसाठी बनवलेलंच नाही. तसाच परत फिरून मोठ्या हॉस्पिटलला.

काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, मधेमधे पाणी गरम करत. वेदना त्याने खरंच उतरते. थर्मासमध्ये गरम पाणी न्यायचं ते चहासाठीच नाही, यासाठीही. पाणी किती गरम आहे हे चांगल्या हाताने बघा, दुखऱ्या हाताला कळत नाही. मग डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन.

गरी बोटात घुसून काटेरी टोक आत गेलं असेल तर ओढू नका. दोर कापा, हलू नये म्हणून पट्टी लावा, दवाखाना.

काय ठेवायचं: ताटात मावेल तेवढंच. पिल्लं लगेच ओल्या हाताने सोडा, कोरड्या हाताने धरलं की त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडून उपयोग राहत नाही. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिलीय, तांडेलला विचारा, त्याला कळतं कुठला मासा अजून लहान आहे. समुद्रघोडा, समुद्रकाकडी, पोवळ्याचा तुकडा, काहीही "आठवण" म्हणून वर घ्यायचं नाही, हे सगळं कायद्याने संरक्षित आहे.

८. परतीची वेळ पाळा

सव्वानऊ-साडेनऊला शेवटचा गळ. "अजून एक लागू दे" इथेच फसवणूक होते. भरती उलटून पाणी जोरात बाहेर निघालं आणि त्याच वेळी समुद्रावरून वारा सुटला की खाडीच्या तोंडावर दोन्ही एकमेकांवर आपटतात, लाट उभी राहते. सकाळी ज्या जागेवरून तुम्ही गप्पा मारत बाहेर गेलात तीच जागा दोन तासांत वेगळी होते. तोंडातून आत येताना सगळे खाली बसलेले, हात आत, गऱ्या गुंडाळून डब्यात, कोणी फोटो काढायला उभं नाही. तांडेल लाटा मोजत थांबला तर त्याच्याशी बोलू नका, तो योग्य लाटेची वाट बघतोय.

९. मासे आणि होडी

मासा वर आला की लगेच बर्फात, उन्हात पाटावर पडलेला मासा तासाभरात मऊ होतो. नुसता बर्फ टाकण्यापेक्षा बर्फात थोडं समुद्राचंच पाणी घाला, सगळ्या बाजूंनी गार होतो. गोडं पाणी नको. किनाऱ्यावर आल्यावर पोट साफ करून परत बर्फात, आणि आतडी किनाऱ्यावर टाकून कुत्रे जमवू नका, तांडेल सांगेल तिथे टाका.

उतरण्याआधी तंगुसाचे तुटलेले तुकडे एका पिशवीत गोळा करा, बोटभर तुकडासुद्धा पाण्यात जाऊ देऊ नका, सुरयाच्या पायात आणि कासवाच्या गळ्यात तोच अडकतो. मग गऱ्या मोजा. पाच घेतल्या होत्या तर पाच परत, तुटलेल्या धरून. एखादी कमी असेल तर फळ्यांच्या फटीत, दोराच्या वेटोळ्यात शोधा, सापडली नाही तर तांडेलला सांगा, कारण दुपारी त्याची पोरं त्याच होडीत अनवाणी खेळतात.